ईमेल नेमका राहतो कुठे?

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघालं आणि गायमुखचा घाट ओलांडला की चेणे लागतं. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून रात्रंदिवस वाहणारा रस्ता. महापालिका मीरा-भाईंदरची, पण वळण अजून गावाचं. समजा, या गावात भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन घरांपैकी एकाने दुसऱ्याला उत्सवाच्या जमाखर्चाचा कागद ईमेलने पाठवला. दोन फोनांमधलं अंतर जेमतेम दहा फूट. पण ईमेल ते दहा फूट कधीच ओलांडत नाही. तो मोबाइलच्या टॉवरवरून पाठवणाऱ्याच्या ईमेल कंपनीकडे जातो, तिथून घेणाऱ्याच्या कंपनीकडे जातो आणि तिथल्या एका सर्व्हरवर जाऊन बसतो. तो सर्व्हर नवी मुंबईत असेल, सिंगापूरला असेल किंवा अमेरिकेत असेल. शेजाऱ्याचा फोन तिथे जाऊन विचारतो, माझ्यासाठी काही आहे का? आणि मग ते पत्र पडद्यावर दिसतं.

म्हणजे ईमेल आधी फोनवर येत नाही, तो सर्व्हरवरच्या टपालपेटीत येतो. आपण पेटीपर्यंत जाऊन तो पाहतो, कधी उचलून आणतो, कधी तिथेच ठेवून वाचतो. आज बँकेची विवरणं, विम्याच्या पावत्या, ई-पॅन, परीक्षेची प्रवेशपत्रं, नोकरीची नेमणूकपत्रं असं सगळं या पेटीत पडलेलं असतं. इतकं मोलाचं सामान जिथे ठेवलं आहे, त्या जागेचे नियम प्रत्येकाला ठाऊक असायला हवेत. ते अवघड नाहीत.

पत्त्यावरून पेटी कशी सापडते

ईमेलच्या पत्त्यात मधोमध ॲट नावाचं गोल चिन्ह असतं. ते तिथे आणलं रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने, १९७१ मध्ये. चिन्हाच्या डावीकडे माणसाचं नाव, उजवीकडे ज्या संस्थेकडे त्याची पेटी आहे तिचं नाव, म्हणजे डोमेन. पत्र पोचवणारा सर्व्हर आधी फक्त उजवीकडचा भाग वाचतो. माणूस कोण, याच्याशी त्याला तोवर काही देणंघेणं नसतं.

त्या डोमेनचं टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो, हे इंटरनेटच्या नावांच्या जाहीर नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, लिहिलेलं असतं. या नोंदीला एमएक्स म्हणतात आणि ती १९८६ पासून वापरात आहे. तिच्यात एकाहून अधिक सर्व्हरांची नावं आणि प्रत्येकापुढे पसंतीचा आकडा असतो. लहान आकड्याचा सर्व्हर आधी गाठायचा, तो बंद असेल तर पुढचा. म्हणूनच एखादी संस्था आपलं संकेतस्थळ एका कंपनीकडे आणि टपाल दुसऱ्या कंपनीकडे ठेवू शकते. पत्त्यावरचं नाव तेच राहतं, पेटी मात्र हलवता येते.

दोन सर्व्हरांमधला संवाद

आता पाठवणाऱ्याचा सर्व्हर घेणाऱ्याच्या सर्व्हरशी जोडला जातो. त्यांच्या बोलण्याची रीत म्हणजे एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये तिचा मसुदा प्रसिद्ध केला आणि गाभा आजही तोच आहे. आधी दोघं एकमेकांना ओळख सांगतात. मग पाठवणारा सांगतो, हे पत्र अमुक पत्त्याकडून आहे. मग, हे तमुक पत्त्यासाठी आहे. इथे घेणारा सर्व्हर डावीकडचं नाव पहिल्यांदा तपासतो. तशी पेटीच नसेल तर ५५० हा आकडा सांगून नकार देतो. पेटी असेल तर होकार देतो आणि मग पत्राचा सगळा मजकूर ओळीमागून ओळ येतो. फक्त एक टिंब असलेली ओळ आली की मजकूर संपला.

त्यानंतरचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. घेणारा सर्व्हर २५० म्हणाला की पत्राची जबाबदारी त्याच्यावर आली. तोवर ती पाठवणाऱ्याची होती. पत्र नीट साठवून झाल्याशिवाय २५० म्हणायचं नाही, हा या व्यवहाराचा कणा आहे. घेणारा सर्व्हर बंद असेल किंवा थोड्या वेळाने या म्हणाला, तर पाठवणारा पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांत निदान अर्धा तास जाऊ द्यावा आणि निदान चार-पाच दिवस तरी हार मानू नये, असं या नियमावलीत सांगितलं आहे. २६ जुलै २००५ सारख्या पुरात एखाद्या कार्यालयाचा सर्व्हर दोन दिवस बंद राहिला, तरी त्याचं टपाल या नियमामुळे हरवत नाही. ते देशोदेशीच्या रांगांमध्ये थांबून राहतं. सगळे प्रयत्न फसले तरच पत्र परत आल्याची सूचना पाठवणाऱ्याला मिळते.

आपला फोन बंद असण्याचा या रांगेशी काहीच संबंध नाही. पाऊस पडून चेण्यातली वीज गेली, फोनची बॅटरी संपली, तरी टपाल पेटीत पडतच राहतं, कारण पेटी फोनमध्ये नाहीच.

या संवादात एक बारकावा आहे आणि फसवणूक ओळखायला तो उपयोगी पडतो. पाठवणारा आणि घेणारा यांचे जे पत्ते सर्व्हर एकमेकांना सांगतात, ते जणू पाकिटावरचे. पत्राच्या माथ्यावर जे 'प्रेषक' आणि 'प्रति' दिसतात, ते आतल्या कागदावरचे. दोन्ही सारखेच असले पाहिजेत अशी सक्ती मुळात नव्हती. त्यामुळेच बीसीसी शक्य होतं: नाव पाकिटावर असतं, कागदावर नसतं. आणि त्यामुळेच कागदावर बँकेचं नाव लिहून भलताच कुणी पत्र धाडू शकतो. यावर उपाय म्हणून पुढे तीन तपासण्या आल्या. एसपीएफमध्ये डोमेनचा मालक जाहीर करतो की माझं टपाल अमुक यंत्रांकडूनच निघतं. डीकेआयएममध्ये पत्रावर गणिती सही असते. डीमार्कमध्ये, या तपासण्या फसल्या आणि प्रेषकाचं नाव जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं, हे मालक सांगून ठेवतो. पत्र इनबॉक्समध्ये पडायचं की स्पॅममध्ये, हे ठरवताना सर्व्हर या तिन्हींचा विचार करतो.

या सगळ्या प्रवासाची नोंद पत्रातच राहते. वाटेतला प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर एक शिक्का मारतो: कुणाकडून मिळालं, कुणी घेतलं, किती वाजता. जीमेलमध्ये संगणकावर पत्र उघडून 'शो ओरिजिनल' निवडलं की हे शिक्के दिसतात. नवा शिक्का वर बसतो, म्हणून ते खालून वर वाचायचे. तिन्ही तपासण्यांचे निकालही तिथेच मिळतात. संशयास्पद पत्र आलं तर त्यातल्या दुव्याला हात लावण्याआधी हे पान जरूर पाहावं.

पेटीच्या आत काय असतं

पत्र स्वीकारलं, पुढे ते ठेवायचं कसं? युनिक्स यंत्रांवरची सगळ्यात जुनी रीत म्हणजे एमबॉक्स. एका माणसाची एक फाइल, आणि नवं पत्र आलं की त्या फाइलच्या शेवटी जोडायचं. एक पत्र कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीवरून ओळखायचं. रीत सोपी, पण तिचे तोटेही आहेत. पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ 'फ्रॉम'ने सुरू झाली तर गोंधळ होतो, म्हणून तिच्या आधी एक खूण घालावी लागते. मधलंच एक पत्र पुसायचं तर मागची सगळी फाइल पुन्हा लिहावी लागते. आणि एकाच वेळी नवं पत्र येतंय व जुनं पुसलं जातंय असं झालं तर फाइल बिघडू शकते, म्हणून ती वापरताना कुलूपबंद करावी लागते.

१९९० च्या दशकात डॅनियल बर्नस्टीन या गणितज्ञाने क्यूमेल या आपल्या प्रणालीसाठी मेलडिर नावाची दुसरी रीत आणली. इथे प्रत्येक पत्राची वेगळी फाइल आणि प्रत्येक पेटीत तीन कप्पे: टेम्प, न्यू आणि कर. येणारं पत्र आधी टेम्पमध्ये लिहायचं. पूर्ण लिहून तबकडीवर पक्कं झालं की मगच न्यूमध्ये सरकवायचं. माणसाच्या प्रोग्रॅमने ते पाहिलं की ते करमध्ये जातं. वाचलं, उत्तर दिलं, तारांकित केलं, या खुणा फाइलच्या नावातच एकेका अक्षराने लिहिल्या जातात. लिहिता लिहिता वीज गेली तरी अर्धवट पत्र टेम्पमध्येच राहतं, इनबॉक्समध्ये कधीच दिसत नाही. कुलूपही लागत नाही. आज मोठ्या कंपन्या यासाठी स्वतःचे अजस्र डेटाबेस वापरतात. पण आधी पक्कं लिहा आणि मगच मिळालं म्हणा, हे तत्त्व त्यांनाही सोडता आलेलं नाही.

जुहूपासून सुरू झालेली वाट

भारतात ईमेल आला त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारं अर्नेट हे जाळं १९८६ मध्ये सुरू झालं. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था त्यात होत्या. डॉ. श्रीनिवासन रमणी एनसीएसटीचे प्रमुख होते. जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यातली ईमेलची देवाणघेवाण साध्या टेलिफोन तारेवरून सुरू झाली. तेव्हा यूयूसीपी ही रीत होती. यंत्रं कायम जोडलेली नसत. पत्रं एका यंत्रावर साठवून ठेवायची, ठरल्या वेळी मोडेमने दुसऱ्या यंत्राला फोन लावायचा, गठ्ठा तिकडे द्यायचा आणि तिकडचा इकडे घ्यायचा. आपण लिहिलेलं पत्र त्याच क्षणी निघेल अशी अपेक्षाच कुणी करत नसे. साठवा आणि पुढे पाठवा हे ईमेलचं मूळ रूप इथे उघड दिसतं.

सामान्य माणसाला ईमेल मिळाला तो १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाने म्हणजे व्हीएसएनएलने इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा. मुंबई हे तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक. त्या काळी दोन तऱ्हेची खाती होती. स्वस्तातलं शेल खातं: पडद्यावर फक्त अक्षरं, चित्रं नाहीत. महागडं टीसीपी-आयपी खातं: चित्रांसह इंटरनेट. सुरुवातीला त्यांचे दर व्यक्तीसाठी वर्षाला सुमारे ५,००० आणि १५,००० रुपये होते, शिवाय फोनचं बिल वेगळं.

या दोन खात्यांमध्ये ईमेल वाचण्याच्या दोन तऱ्हा लपलेल्या आहेत. शेल खातेदार मोडेमने व्हीएसएनएलच्या यंत्रात शिरे आणि त्या यंत्रावरच पाइनसारख्या प्रोग्रॅममध्ये पत्र वाची. पत्र तिथेच राही, घरच्या संगणकावर नुसता पडदा. टीसीपी-आयपी खातेदाराचा संगणक मात्र पत्रं घरी उतरवून घेई, जोडणी तोडी, आणि मग मालक निवांत वाचत बसे. पत्र उचलून आणायचं की तिथेच वाचायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पॉप: उचलून आणा

उचलून आणण्याच्या रीतीचं नाव पॉप. तिचा पहिला मसुदा १९८४ मधला आणि आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९८८ ची. पुढे १९९६ मध्ये तिचे नियम पक्के केले गेले. तिचं बोलणं थोडक्यात आटोपतं. नाव सांगा, पासवर्ड सांगा, किती पत्रं आहेत विचारा, एकेक मागवा, पुसायची ती सांगा आणि निरोप घ्या.

यातला निरोप कळीचा आहे. पत्र पुसा असं सांगितलं तरी सर्व्हर ते लगेच पुसत नाही, फक्त खूण करतो. रीतसर निरोप घेतल्यावरच खरं पुसणं होतं. मध्येच फोनची लाइन तुटली तर खुणा रद्द होतात आणि पत्रं जागच्या जागी राहतात. डायल-अपच्या दिवसांत लाइन तुटणं रोजचं होतं. त्या काळच्या माणसांची पत्रं या एका नियमाने वाचवली. तीच पत्रं दुसऱ्यांदा उतरायची, एवढाच त्रास व्हायचा.

पॉप एका माणसाचा एकच संगणक असतो असं धरून चालतो. त्याला फक्त इनबॉक्स कळतो. पाठवलेली पत्रं, कप्पे, वाचल्याच्या खुणा यांतलं काही त्याला ठाऊक नाही. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' असा पर्याय प्रोग्रॅममध्ये असतो आणि तो निवडला तर प्रत्येक पत्राच्या स्वतंत्र ओळखीवरून आधी उतरवलेली पत्रं वगळता येतात. पण कार्यालयातल्या संगणकावर वाचलेलं पत्र घरच्या संगणकावर न वाचलेलंच दिसतं. आणि पर्याय निवडला नसेल, तर सकाळी घरी उतरलेली पत्रं कार्यालयात दिसतच नाहीत. ती एकाच तबकडीवर असतात. ती तबकडी बिघडली की पत्रं गेली.

आयमॅप: तिथेच ठेवा

एकच पेटी अनेक यंत्रांवरून वाचता यावी, या गरजेतून आयमॅप जन्माला आला. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी तो १९८६ मध्ये घडवला. चौथी आवृत्ती १९९४ मध्ये आली आणि तिचे सुधारित नियम अगदी २०२१ मध्येही प्रसिद्ध झाले आहेत.

जमिनीचं दप्तर तलाठ्याकडे असतं आणि आपल्या हाती सातबाऱ्याचा उतारा असतो, तशी आयमॅपची रचना आहे. खरी पेटी सर्व्हरवर, फोनमध्ये तिचा उतारा. फरक असा की इथे उताऱ्यावर केलेला बदल थेट मूळ दप्तरात जातो. फोनवर पत्र वाचलं की वाचल्याची खूण सर्व्हरवर पडते आणि संगणकावरही ते वाचलेलं दिसतं. कप्पा इथे केला तर तिथेही होतो. आणि फोनवर पुसलं तर सगळीकडून पुसलं जातं.

हे जमावं म्हणून सर्व्हर प्रत्येक कप्प्यातल्या प्रत्येक पत्राला एक क्रमांक देतो. क्रमांक चढत जातो आणि एकदा दिलेला पुन्हा वापरला जात नाही. फोन म्हणतो, माझ्याकडे ४,२१७ पर्यंतची पत्रं आहेत, पुढची सांगा. सगळी पेटी पुन्हा चाळावी लागत नाही. गायमुखच्या घाटात सिग्नल गेला आणि चेण्याला परत आला, तर फोन तुटलेल्या जागेपासून पुढे धरतो. मधल्या वेळात तुम्ही लिहिलेली उत्तरं आणि केलेले बदल तो जपून ठेवतो आणि जोडणी मिळताच सर्व्हरला कळवतो.

आयमॅपचं दुसरं बलस्थान म्हणजे हवं तेवढंच मागण्याची सोय. आधी फक्त मथळे मागवायचे. पत्र उघडलं तर मजकूर मागवायचा. सोबतच्या पाच छायाचित्रांपैकी एकच हवं तर तेवढंच. शोधही सर्व्हरवरच लावता येतो, म्हणजे हजारो पत्रं फोनवर न उतरवता त्यांतलं एक सापडतं. १९९७ मध्ये त्यात आयडल ही आज्ञा आली: फोन जोडणी उघडी ठेवून गप्प थांबतो आणि नवं पत्र आलं की सर्व्हर स्वतःहून कळवतो. दर पाच मिनिटांनी दार वाजवायची गरज संपली.

इथे ज्याने त्याने लक्षात ठेवावं ते हे: आयमॅप म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. एकच पेटी तीन पडद्यांवर दिसते म्हणून पत्रं तीन ठिकाणी जपली आहेत असं अजिबात नाही. फोनची जागा मोकळी करण्यासाठी मुलाने जुनी पत्रं पुसली, तर आईच्या टॅबवरून आणि कार्यालयातल्या संगणकावरूनही ती जातात.

वेबमेल आणि अमर्याद वाटणारी जागा

४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं आणि ब्राउझर असला की पेटी उघडता येऊ लागली. मुंबईच्या रेडिफनेही ईमेल दिला आणि सायबर कॅफेत बसून अनेक मराठी मुलामुलींनी आपला पहिला पत्ता तिथे उघडला. घरी संगणक नसलेल्यांना वेबमेल फार मोठा आधार होता. जागा मात्र तुटपुंजी. हॉटमेलची फुकट पेटी बराच काळ २ एमबीची होती. दोन-चार छायाचित्रं आली की पेटी भरे आणि पुढचं टपाल परत जाई.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल १ जीबी जागा घेऊन आलं. तारीख पाहून अनेकांना ती थट्टा वाटली. जीमेलने कप्प्यांऐवजी लेबलं आणली: पत्राची प्रत एकच, त्यावर चिठ्ठ्या कितीही. आता पुसायची गरजच नाही, अशी सवय त्या जागेने आपल्याला लावली. आज गुगलच्या फुकट खात्याला १५ जीबी मिळतात, पण त्यात ईमेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रं या तिघांचा वाटा आहे. छायाचित्रांनी जागा भरली की नवं टपाल घेणं थांबतं, आणि हे अनेकांना बँकेचा ईमेल आला नाही म्हणून चौकशी केल्यावरच कळतं.

मोठ्या कंपन्या एकाच पत्राच्या अनेक प्रती वेगवेगळ्या इमारतींत ठेवतात, त्यामुळे एखादी तबकडी बिघडून पत्र जात नाही. तरीही फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाने काही जीमेल खाती रिकामी झाली. गुगलने सांगितलेलं प्रमाण होतं ०.०२ टक्के. दोषामुळे अनेक प्रती एकदमच पुसल्या गेल्या होत्या. शेवटी कामाला आल्या त्या चुंबकीय टेप. जाळ्यापासून वेगळ्या ठेवलेल्या त्या टेपांवरून पत्रं परत आणली गेली. जोडलेल्या प्रती कितीही असल्या तरी एक प्रत तुटक हवी, हा धडा त्या कंपनीइतकाच आपल्यालाही लागू आहे.

मराठी पत्र कसं साठतं

एसएमटीपी जन्मला तेव्हा फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे नेण्याच्या बेताने जन्मला. नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम ही रीत मांडली आणि छायाचित्रं, आवाज व इतर लिपी पत्रातून जाऊ लागल्या. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'चेणे' या शब्दात च, मात्रा, ण, मात्रा अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. माइमची बेस-६४ रीत तीन बाइटांची चार साधी अक्षरं करते. म्हणजे प्रवासात चेणे हा शब्द सोळा अक्षरांचा होतो आणि फोनवर पुन्हा दोन अक्षरी दिसतो. छायाचित्रांचंही तेच: १८ एमबीची फाइल वाटेत सुमारे २४ एमबीची होते. जीमेलची एका पत्रासाठीची २५ एमबीची मर्यादा लवकर का गाठली जाते, त्याचं कारण हे.

युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी पत्रांची कथा दुःखद आहे. तेव्हा शिवाजी किंवा श्री-लिपीसारखे फॉन्ट वापरून लिहिलं जाई. साठत होती ती इंग्रजी अक्षरांची सांकेतिक चिन्हं, त्यांना मराठी रूप देत होता फक्त फॉन्ट. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला अगम्य चिन्हं दिसत. ती पत्रं सर्व्हरवर आजही जशीच्या तशी असतील, पण फॉन्ट गेला की मराठी गेली. आपल्याकडे अशी जुनी पत्रं असतील तर फॉन्ट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून ती आताच युनिकोडमध्ये आणावीत. एका पिढीचा पत्रव्यवहार त्यात आहे.

पत्ता मराठीत असण्याची वाटही आता खुली आहे. देवनागरीतलं .भारत हे डोमेन २०१४ मध्ये सुरू झालं आणि इंग्रजीबाहेरच्या लिपीतले ईमेल पत्ते स्वीकारण्याचे नियम २०१२ पासून ठरलेले आहेत. अडचण एवढीच की वाटेतल्या दोन्ही सर्व्हरांनी ते पाळले पाहिजेत.

आपल्या पेटीची काळजी

सर्व्हरांमधला रस्ता आता बहुतेक ठिकाणी सांकेतिक भाषेत झाकलेला असतो आणि फोन ते सर्व्हर हा रस्ताही. पण हे झाकण रस्त्यापुरतं आहे. पेटी ज्या कंपनीकडे आहे, तिच्या यंत्रांना आतलं पत्र वाचता येतं, एरवी ती स्पॅम ओळखणार तरी कशी आणि शोध लावणार तरी कुठून? म्हणून पेटी कुणाकडे ठेवतो, हा विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे. केंद्र सरकारनेही अलीकडे आपल्या लाखो कर्मचाऱ्यांच्या पेट्या झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर हलवल्या आहेत.

घरच्या पेटीसाठी काही गोष्टी मात्र आजच करण्यासारख्या आहेत. खात्याला दुपदरी पडताळणी लावा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे याच पेटीत येतात. सेटिंगमध्ये जाऊन आपलं टपाल कुणा अनोळखी पत्त्याकडे आपोआप वळवलं जात नाही ना, हे पाहा. चोर पेटीत शिरला की बहुधा हे करून ठेवतो आणि पासवर्ड बदलला तरी ते वळण तसंच राहू शकतं. जागा किती उरली आहे ते पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांचं खातं बंद पडून नाही ना, तेही तपासा: दोन वर्षं न वापरलेलं व्यक्तिगत खातं पुसण्याचा अधिकार गुगलने डिसेंबर २०२३ पासून स्वतःकडे घेतला आहे.

आणि स्वतःची एक तुटक प्रत ठेवा. गुगलची टेकआउट ही सोय सगळी पत्रं एका फाइलमध्ये बांधून देते. ती फाइल असते त्याच जुन्या एमबॉक्स रीतीची. ती थंडरबर्डसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडता येते आणि आणखी वीस वर्षांनीही उघडता येईल, कारण ती साधा मजकूर आहे. ती एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा आणि वर्षातून एकदा ताजी करा. कंपनी पेटी सांभाळते ते तिच्या नियमांनी. आपली पत्रं आपल्या हाती राहावीत असं वाटत असेल, तर ती उतरवून घेण्याचं काम आपणच करायला हवं. येत्या रविवारी ते करून टाका.